भिंतीवरचा अकरावा

सुक्र्या,

भिंत सारवून ठेवली आहे. शेण कालवलं, लाल माती चाळून घेतली, वरून गेरूचा हात दिला. दिवाळी कधीच होऊन गेली, घरात लग्न नाही, बारसं नाही. तुझी वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "शिमग्याच्या तोंडावर भिंत कह्याला काढलीस?" मी भिंतीवर हात फिरवत राहिलो. खाली बसली आणि खालचा कोपरा तिनं सारवला, माझी कंबर वाकत नाही म्हणून.

तुला जाऊन महिना होत आला. जव्हारला तुझ्या शाळावाल्यांनी सभा घेतली. फोटोला हार घातला. एकेक जण उठला आणि बोलला. गुरुजी असे होते, गुरुजी तसे होते, कुठल्या शाळेवर होते, किती पोरं हाताखालून गेली. खरंच बोलले असतील. मला मात्र त्यांच्या बोलण्यातला माणूस ओळखू येईना. शेवटी म्हणाले, थोरल्या भावानं दोन शब्द बोलावेत. मी उठलो, माईक हातात धरला आणि तसाच परत दिला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रडू आलं. रडू नव्हतं आलं. माझ्या तोंडात एकच गोष्ट होती, आणि ती त्या सभेत बोलायची नव्हती. आपल्या संघाचा कप्तान कोण, हे अजून ठरलेलं नाही, एवढंच मला बोलायचं होतं.

म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर तुला माहीत आहे, ओल्या खाचरातून खेकडा चालून गेल्यासारखं. तुला ते लागायचं. बाकी कुणाला लागलं तर वाचावं, नाही तर सोडून द्यावं.

आधी मुद्द्याचं सांगतो. दिवाळीत तू माझ्याकडे दोन गोष्टी सांगायला आला होतास. मी एक ऐकली आणि उठून गेलो. दुसरी तू तशीच परत घेऊन गेलास. ती काय होती हे मला आता कळलं आहे. पण तुझ्या तोंडून नाही कळलं.

रेडिओ आठवतो का रे? मी खाडीवर रेतीच्या होड्यांवर कामाला होतो, पहिला हंगाम संपवून येताना आणला होता. तू तेव्हा आश्रमशाळेत. सुट्टीला आलास की माळ्यावरून तो उतरवायचास, सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचास, म्हणजे संध्याकाळच्या मॅचला दम टिकेल. होडीवर भय्या लोक असायचे, त्यामुळे हिंदी मला येत होतं, तुला नव्हतं येत. मी ऐकायचो आणि तुला सांगायचो. मी सांगेन ती मॅच. ऑफ साइड म्हणजे कुठं, हे तू विचारलंस तेव्हा मी तुला बांधावर उभं केलं, हातात नांगराचा तुटका दांडा दिला आणि दाखवलं, ही बाजू. पुढं कितीतरी वर्षांनी मोखाड्याच्या हाटेलात टीव्ही बघताना मला कळलं की मी उलटी बाजू दाखवली होती. तुला तर ते आधीच कळलं असणार, तू शाळेत खेळायचास. पण तू कधी बोलला नाहीस. दादानं दाखवली ती ऑफ साइड.

हे मी आज लिहितोय तेव्हा मला दिसतंय, की तिथंच सगळं सुरू झालं.

परदेशी नावं आपल्या तोंडात बसत नव्हती, म्हणून आपण त्या सगळ्यांना आपली नावं ठेवली. जो गोलंदाज ताडाच्या शेंड्यावरून चेंडू टाकतो असं रेडिओवाला सांगायचा, तो ताड. जो पहिल्या चेंडूपासून छाटत सुटायचा तो कोयता. फिरकीवाल्याचं नाव भगत, कारण आपला भगत सुपातले दाणे कसे फिरवतो ते कुणाला दिसत नाही, तसा त्याचा हात. यष्टीमागचा तो मुंगूस. देशी असो की परदेशी, सगळ्यांना एकच न्याय. खरी नावं तू वर्तमानपत्रात वाचायचास, पण घरात आलास की ताड आणि कोयताच.

आणि एक होता परदेशी, वेगवान टाकणारा. रेडिओवाल्याचा श्वास लागायचा त्याच्या धावण्यानं. त्याचं नाव ठेवायच्या आधीच आपला रेडिओ गेला. आवणीचे दिवस होते, रोपं लावताना बांधावर ठेवला होता, रेड्यानं लाथ मारली आणि खाचरात बुडाला. तो गेला तो तीन वर्षं नवा आला नाही. त्याच तीन वर्षांत बाबा गेला. मी रेतीचं काम सोडून कायमचा खाचरात उतरलो आणि तू मास्तरकी शिकायला गेलास.

नवा रेडिओ आला, आणि पहिल्याच मॅचमध्ये तेच आडनाव कानावर पडलं. पण गडी वेगळा! हा हळू टाकत होता. पाच पावलं धावायचा. आणि फलंदाजीला चौथ्या नंबरावर येऊन टिकायचा. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "हा त्याचा धाकटा भाऊ. थोरल्याची पाठ गेली असणार, आता धाकला खेळतो."

तू म्हणालास, "हो दादा. असंच असणार."

संपलं. त्या दिवसापासून ते दोघं झाले, थोरला आणि धाकला.

भिंतीवर पहिला संघ तू काढलास तुला नोकरी लागली त्या दिवाळीला. वाघबारशीच्या आधी घर सारवून झालं होतं. वाटीत तांदळाचं पीठ कालवलंस, बांबूची काडी ठेचून घेतलीस आणि कारवीच्या कुडावर अकरा माणसं उभी केलीस. माझ्यासारख्याला अकरा नावं वाचायला नकोत म्हणून तू नावं लिहिली नाहीस, माणसं काढलीस. ताड उंच, भगताचा हात वळलेला, मुंगूस खाली बसलेला. तुझी वहिनी पाण्याची घागर घेऊन आली आणि बघतच राहिली.

"लग्नाचा चौक नाय, देव नाय, आन ह्या चेंडूवाल्यांना माझं तांदळाचं पीठ?"

तू म्हणालास, "वहिनी, तुमच्या घराला राखण झाली. वाघ आला तर हे अकरा जण दगड मारतील."

"आन एवढं निवडून निवडून ह्यांना ठेवला, ते खेळणार कुणाशी?"

"ज्यांना घेतलं नाही त्यांच्याशी."

ती हसली, आणि दुसऱ्या वर्षापासून पीठ तिनंच कालवून ठेवायला सुरुवात केली.

आपले नियम पक्के होते. दोघांनी हो म्हटल्याशिवाय कुणी भिंतीवर चढायचं नाही. एकदा चढला की वर्षभर तो हलत नाही, मग त्यानं कितीही भोपळे काढोत. पुढच्या दिवाळीला सारवण पडलं की सगळे पुसले जायचे, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून भांडायचो. लोक दिवाळीला भावाकडे फराळाला जातात. तू जव्हारहून जीप बदलत, खोडाळ्याला उतरून पुढं चालत यायचास ते माझ्याशी भांडायला.

साठ षटकांच्या काळातला आणि पन्नासच्या काळातला एका काट्यावर कसा तोलायचा, यावर आपण एकदा दोन दिवस घालवले. तू कागदावर आकडे मांडायचास. सरासरी काढायचास. मी म्हणायचो, "सरासरी म्हणजे काय रं? पायलीभर चांगलं आन पायलीभर किडकं एकत्र केलं, की दोन पायल्या मध्यम झालं, असंच ना?"

"दादा, आकडा खोटं नाय बोलत."

"आकडा बोलतच नाय. बियाणं आपण खळ्यावरच्या राशीतून घेतो काय? उभ्या पिकातून घेतो. ज्या साली पाऊस दगा देतो, त्या साली डोंगरउताराच्या वरकसावर जे नागलीचं कणीस भरतं, ते खुडून बियाण्याला ठेवतो. चांगल्या सालात तर गवत पण भरतं. मला तुझा तो मोठा फलंदाज दुष्काळात दाखव."

तेव्हा तू कागदावर त्या माणसाच्या नुसत्या हरत्या मॅचेस काढून बघायचास. मला वाटायचं, मी जिंकलो. तू मला जिंकू देत होतास की तुला खरंच पटायचं, हे आता कुणाला विचारू?

पण थोरल्या-धाकल्यावर आपलं कधी मिटलं नाही. दोघंही संघात होते, त्यात वाद नव्हता. वाद कप्तानाचा. कप्तानाच्या डोक्यावर तुरा काढायचा असायचा, आणि भिंत माझी म्हणून तुरा दरवर्षी थोरल्याच्या डोक्यावर.

"थोरला आधी आला. पाठ मोडेपर्यंत त्यानं टाकलं. त्यानं वाट केली म्हणून धाकला चालला."

तू म्हणायचास, "दादा, पाठ मोडेपर्यंत टाकणं सोपं हाय. मोडल्यावर काय उरतं, त्यावर खेळायचं कठीण. धाकला उरलेल्यावर खेळला."

"धाकल्याची पाठ कवा मोडली?"

तू माझ्याकडे बघून हसायचास आणि विषय बदलायचास. मला ते हसू आवडायचं नाही. मला वाटायचं, शिकलेला माणूस अडाण्याला हसतो.

खोटं कशाला लिहू, आपण क्रिकेटबद्दल भांडत नव्हतो. शाळेत एकच जण जाऊ शकत होता, आणि मी थोरला. मी चौथीतून उठलो, तू बसलास. त्याचं मला वाईट वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वाटलं. म्हणून वर्षातून एक दिवस भिंतीवर तरी तुरा थोरल्याला पाहिजे होता.

आणि तुझा तो आवण्या. आपल्याकडचा तो बुटका डावखुरा. कधी षटकार नाही, कधी आरडाओरडा नाही. एक धाव, एक धाव, पुन्हा एक धाव. हे नाव मीच ठेवलं, टिंगल म्हणून. आवणी करणाऱ्या बाया कशा वाकून एकेक रोप खोचत मागं मागं जातात, तसा हा. तुझा जीव त्याच्यावर. दर दिवाळीला शेवटी तू काडी पिठात बुडवून म्हणायचास, "दादा, आता आवण्या."

"अकरा झाले. जागा नाय."

"ताडाला काढू."

"ताडाला? मंग टाकणार कोण, तू?"

"बरं, भगताला बसवू एक वर्ष."

"अरे, पन्नास षटकांत आवणी करत बसायला वेळ कुठं हाय? जागा नाय म्हंजे नाय."

तू काडी धुऊन ठेवायचास. दरवर्षी. इतकी वर्षं तू एका माणसासाठी माझ्याकडे जागा मागितलीस, आणि मी दिली नाही.

गेल्या दिवाळीला आलास तेव्हा वाघबारस दोन दिवसांवर होती. भिंत सारवून तयार. तुझी वहिनी तुला बघून म्हणाली, "भाऊजी, लय रोडावलात."

मीच बोललो, "मास्तर रिटायर झाला, पोरांवर ओरडायचं बंद झालं. ओरडण्यावरच अंग धरून होता तो."

तू हसलास. चहा अर्धा ठेवलास. तेही मी बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. पिठाची वाटी पुढं सरकवली तरी तू काडी उचलली नाहीस. खिशातून मोबाइल काढलास आणि माझ्याजवळ येऊन बसलास, लहानपणी रेडिओजवळ बसायचास तसा.

"दादा, एक सांगायचं हाय. थोरला आन धाकला दोन नायत. एकच माणूस हाय."

"काय बोलस?"

"हे बघ. हा तरुणपणीचा. हा नंतरचा. पाठ गेली, दोन वर्षं घरी बसला. मंग हळू टाकायला शिकला आन परत आला. भाऊ नव्हताच त्याला."

मी दोन्ही फोटो बघितले. सुक्र्या, आज सांगतो, मी पहिल्याच नजरेला ओळखलं. कानाची पाळी तीच होती, हनुवटी तीच होती. बैल ओळखणाऱ्या माणसाला माणूस ओळखता येत नाही काय? पण ज्या माणसानं आख्ख्या जन्मात भावाला एकच गोष्ट ठामपणे सांगितली होती, ती गोष्ट अशी मोबाइलवर खोटी पडली, ते मला सोसेना.

"फोटो आजकाल कुणीही करतो," मी म्हटलं.

"फोटो सोड. नाव बघ, जन्मतारीख बघ, दोन्हीकडं..."

"मला धड वाचता येत नाय, म्हणून दाखवस काय? तू शिकावा म्हणून मी खाचरात उतरलो. आता तू मला शिकवायला आला?"

तुझी वहिनी चुलीपाशी होती, ती उठून बाहेर गेली. तू मोबाइल खिशात ठेवलास. मला वाटलं, आता तू भांडशील. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास.

"दादा, बस. आणखी एक सांगायचं हाय."

मी म्हटलं, "एक ऐकली तेवढी बस झाली."

आणि कोयता उचलून मी खाचराकडे गेलो. कापणी झालेली होती. कापायला गवताची काडी नव्हती. बांधावर बसून राहिलो. तासाभरानं तू रस्त्यावर येऊन उभा राहिलास, जीपची वाट बघत. तिथून खाचर सगळं दिसतं. तू मला बघितलंस आणि हात वर केलास. मी वाकलो. त्या रिकाम्या खाचरात, हातात कोयता घेऊन, मी काहीतरी कापत असल्यासारखा वाकलो. जीपचा आवाज लांब जाईपर्यंत वर बघितलं नाही.

भिंत तशीच कोरी राहिली. वाघबारस झाली, थंडी आली. दर आठवड्याला फोन तू करायचास, तो आला नाही. मी पण केला नाही. मला वाटलं, तू रुसलास. थोरल्यानं पहिला फोन करायचा नसतो, हा नियम कुणी केला होता देव जाणे. मीच केला असेल.

मग फोन आला तो तुझा नाही, तुझ्या बायकोचा, सुमनचा. तिनं जास्त काही सांगितलं नाही. "दादा, या," एवढंच. नाशिकला ठेवलं होतं तुला. खोडाळ्याहून निघालो, गाडी घाट चढायला लागली आणि मी तोंडातल्या तोंडात घोकायला लागलो, जसा तू पाढे घोकायचास. तू खरा, मी खोटा. एकच माणूस हाय. तू खरा, मी खोटा. शेजारची बाई सरकून बसली, तिला वाटलं हा म्हातारा मंतर म्हणतो.

तू केवढासा झाला होतास. तोंडावर नळी. डोळे मात्र तेच. मला बघून ते ओले झाले, आणि मी, मी गाढव, सबंध घाट घोकत आलो होतो ते सगळं विसरलो आणि म्हणालो,

"काय रं, थोरला अजून टाकतोय, आन धाकला एवढ्यात बाद?"

तू डोळे मिटलेस. हसलास की काय, नळीमुळं कळलं नाही. माझं बोट धरून ठेवलंस. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगू, आता दमला असेल. सकाळी सांगायला तू नव्हतास.

बाराव्यानंतर सुमननं मला एक वही दिली. शाळेची, लांब पानांची. म्हणाली, "दादा, ही तुमचीच हाय. ते म्हणायचे, दादाचा संघ हाय ह्यात."

मी तिथंच ओट्यावर बसून, अक्षराखाली बोट धरून वाचली. तुझं अक्षर मास्तराचं, म्हणून मला लागलं. दर दिवाळीचं एक पान. भिंतीवरचे अकरा जण नावानिशी, आपल्या नावांनी. ताड, कोयता, भगत, मुंगूस. थोरला, तुऱ्यासह. धाकला. खाली एक ओळ: "राखीव: आवण्या. दादा म्हणतो जागा नाही."

पहिली काही पानं एवढंच होतं. मग एका पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात: "थोरला व धाकला एकच. दादाला सांगणे."

पुढच्या दिवाळीचं पान. तेच. "दादाला सांगणे." त्याच्यावर रेघ मारलेली. त्याच्या पुढचं पान, पुन्हा तेच, पुन्हा रेघ. मी पानं उलटत गेलो. सतरा दिवाळ्या, सुक्र्या. सतरा दिवाळ्या तुला माहीत होतं.

मी सुमनला विचारलं, "ह्यानं मला सांगितलं का नाय?"

ती डोळे पुसत होती, तरी हसली. "मी पण विचारायची. म्हणायचे, सांगितलं तर दादा मानायचा नाय. आन मानलाच, तर दिवाळीला भांडायला काय राहील?"

"मंग ह्याच वर्षी का सांगितलं?"

तिनं शेवटचं पान काढून माझ्यासमोर धरलं. त्यावर संघ नव्हता. भिंत कोरी राहिली, म्हणून पानही कोरं. वर फक्त दोन ओळी.

"दादाला सांगणे.
एक: दोघे एकच आहेत. दोन: रिपोर्ट आला आहे."

आधी मला वाटलं, तुला खोटं पोटात ठेवून जायचं नव्हतं म्हणून तू ते सांगितलंस. सुमनला वाटतं, मोठी गोष्ट सांगायच्या आधी लहान सांगून तू जीभ सैल करत होतास. कोण जाणे. मला एवढंच ठाऊक आहे की तू गुडघ्यावर हात ठेवलास, आणि मी उठलो. मी बसलो असतो तर काही वाचलं असतं असं नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता. पण तू एकट्यानं जे तीन महिने काढलेस ते आपण दोघांनी काढले असते. मी जव्हारला येऊन राहिलो असतो. तुझ्या उशाशी बसून कोयत्याला बाद केलं असतं, ताडाला बसवला असता, पाहिजे तेवढं हरलो असतो.

घरी आलो तरी वही सोडवेना. रोज थोडी थोडी वाचतो. आणि परवा, दुपारी, नागली निवडत बसलो होतो, तेव्हा माझा हात थांबला. इतके दिवस ज्यासाठी मी रडत होतो त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट मला त्या वहीत दिसली. शिकलेला असतो तर पहिल्याच दिवशी दिसली असती.

थोरला आणि धाकला एकच, तर मग भिंतीवर दहाच माणसं होती.

सतरा वर्षं तू हे जाणून होतास. सतरा वर्षं तू काडी पिठात बुडवून म्हणालास, "दादा, आता आवण्या." सतरा वर्षं मी म्हटलं, जागा नाही. तुला नुसतं एवढंच बोलायचं होतं की दादा, मोज. जागा आहे. दुसरं काही नको होतं. तुझ्या हातात ते उत्तर होतं आणि तू काडी धुऊन ठेवलीस. ऑफ साइडला गप्प राहिलास तसा राहिलास. माझा शब्द खाली पडू नये म्हणून तू तुझा माणूस बाहेर बसवलास.

मी तुला शिकवलं असं मी गावभर सांगायचो. असलं काही मी तुला शिकवलं नव्हतं.

आज सकाळी तुझ्या वहिनीनं न सांगता पीठ कालवून ठेवलं. काडी पण ठेचून ठेवली. मी आजवर कधी काढलं नाही, तू काढायचास आणि मी चुका दाखवायचो. ताड वाकडा आला आहे, ताडीच्या दिवसांतला वाटतो. मुंगसाला मी चुकून खरीच शेपूट काढली, वहिनी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. थोरला काढला. त्याच्या शेजारची धाकल्याची जागा होती, तिथं काही काढलं नाही. त्या एकाच माणसाचा एक हात चेंडू टाकणारा काढला आणि दुसऱ्या हातात बॅट दिली. तुरा त्याच्याच डोक्यावर. कप्तानाचा वाद मिटला. तू पण जिंकलास, मी पण जिंकलो, आणि भांडायला कुणी राहिलं नाही.

मग दहा मोजले. बोट लावून मोजले, दोनदा.

नियम मला आठवतो, दोघांनी हो म्हटल्याशिवाय कुणी चढायचं नाही. आवण्याला तू पहिल्या वर्षापासून हो म्हणत होतास. नाही म्हणणारा मी एकटा. आता मी पण म्हणतो. दोघांचं झालं.

त्याला काढायला वेळ लागला. बुटका, थोडा वाकलेला, डाव्या हाताचा. नाक मी काढत नाही, पण चेहरा का कोण जाणे तुझ्यासारखा झाला आहे. ओलं पीठ गेरूवर नीट दिसत नाही, तुला माहीत आहे. वाळलं की पांढरं उठतं. बाकीचे दहा उठले आहेत. मी ओट्यावर बसून त्याची वाट बघतोय.

जागा होती रे, सुक्र्या. सगळी वर्षं जागा होती.